पर्नला जायचं, पण कोणत्या दारानं?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक एक्सेल शीट केली होती. पहिल्या रकान्यात पुस्तकाचं नाव, दुसऱ्यात प्रकाशनाचं वर्ष, तिसऱ्यात ती गोष्ट पर्नच्या इतिहासात कधी घडते ते. शीट तिसऱ्या रकान्यावर सॉर्ट केली आणि सगळ्यात वर आलेली कादंबरी वाचायला घेतली. हुशारी केली असं तेव्हा वाटलं होतं. आज वाटतं, त्या एका क्लिकनं माझं नुकसान केलं आणि ते भरून येणारं नाही. कारण कुठलंही पुस्तक पहिल्यांदा वाचणं एकदाच होतं.

पर्न हा अ‍ॅन मॅकॅफ्री या लेखिकेनं रचलेला ग्रह. त्याच्या आकाशातून ठरावीक काळानं चंदेरी धागे पडतात आणि जे जे सजीव आहे ते खाऊन टाकतात. एक विशिष्ट दगड चावून आग ओकणारे ड्रॅगन आणि त्यांच्याशी मनानं जोडलेले स्वार हे धागे हवेतच जाळतात. गढ्या, सरदार, शाहीर, ड्रॅगन असं सगळं पाहून ही फॅन्टसी वाटते. पण ही माणसं मूळची पृथ्वीवरून आलेली आहेत आणि ड्रॅगन त्यांच्या पूर्वजांनी जनुकशास्त्र वापरून घडवलेत. मधल्या शतकांत हे सगळं ती विसरलीत. म्हणून या मालिकेला सायन्स फॅन्टसी म्हणतात. तिची सुरुवात १९६७ साली 'अ‍ॅनालॉग' या विज्ञानकथांच्या मासिकात झाली. त्या पहिल्या कथेला १९६८ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि कथालेखनासाठी तो मिळवणारी मॅकॅफ्री ही पहिली स्त्री ठरली. नंतर तिनं, आणि पुढे तिच्या मुलांनी, मिळून वीसहून जास्त पुस्तकं लिहिली.

माझ्या शीटमध्ये वर आली ती 'ड्रॅगन्सडॉन'. तिच्यात पृथ्वीवरून माणसं येतात, पहिला थ्रेड पडतो, पहिले ड्रॅगन जन्मतात. कादंबरी चांगलीच आहे. पण ती लिहिली गेली १९८८ साली, म्हणजे 'ड्रॅगनफ्लाइट' या पहिल्या कादंबरीनंतर वीस वर्षांनी. मॅकॅफ्रीनं ती लिहिली तेव्हा तिचे वाचक दोन दशकं एका प्रश्नाभोवती फिरत होते: आपले पूर्वज कोण होते आणि त्यांना काय काय येत होतं? मला मात्र प्रश्न पडायच्या आत उत्तर मिळालं.

'ड्रॅगनफ्लाइट'मध्ये चारशे वर्षं थ्रेड पडलेला नाही. ड्रॅगनस्वारांच्या सहा वेअर्सपैकी, म्हणजे ठाण्यांपैकी, पाच ओस पडलीत. तिथली माणसं कुठे गेली, कुणालाच माहीत नाही. हातात आहेत ती जीर्ण कातड्यांवरच्या नोंदी, एक भिंतीवरचा पडदा आणि मुलांना पाठ करायला लावलेली गाणी. ज्यांनी मूळ सिस्टीम बांधली ते सगळे सोडून गेलेत, डॉक्युमेंटेशन हरवलंय आणि कोडमधली एकेक कमेंट वाचून आपण अंदाज बांधतोय, अशी परिस्थिती. माझ्यासारख्या नोकरदाराला ती फारच ओळखीची आहे. उत्तर काय ते इथे सांगत नाही. पण ते शोधणाऱ्या लेसाच्या शेजारी बसून मलाही शोधता आलं असतं. त्याऐवजी मी वर्गातल्या त्या मुलीसारखी बसले होते, जिनं मागच्या पानावरची उत्तरं आधीच पाहिलीत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. 'ड्रॅगनफ्लाइट'च्या प्रस्तावनेतच लेखिका थोडक्यात सांगून टाकते की हे लोक परक्या ग्रहावर येऊन वसले आणि विसरले. मग गुपित राहिलंच कुठे? माझ्या मते, ही माणसं काहीतरी विसरलीत हे कळणं वेगळं आणि काय विसरलीत ते जवळून पाहणं वेगळं. 'द व्हाइट ड्रॅगन'च्या (१९७८) शेवटाकडे दक्षिण खंडात राखेखाली गाडलेली एक जुनी वस्ती सापडते. प्रकाशनक्रमानं येणारा वाचक तिथे थबकतो. मी त्या गल्ल्यांतून आधीच फिरून आले होते.

मोरेटाचंही तसंच. आधीच्या पुस्तकांत मोरेटा हे पोवाड्यातलं नाव असतं, शतकांपूर्वीची एक शूर स्वार. १९८३ मध्ये मॅकॅफ्रीनं तिच्यावर कादंबरी लिहिली. साथ पसरलेली, लस गावोगाव पोचवायची, हाताशी माणसं थोडी, आणि थकलेली मोरेटा. गाणं आधी ऐकलेल्या वाचकाला शेवट माहीत असतो, म्हणून तिच्या प्रत्येक उड्डाणाला त्याचा जीव वरखाली होतो. कालक्रमानं वाचणाऱ्याला शेवटी नुसता धक्का बसतो, आणि गाणं नंतर ऐकू येतं.

आमच्या कामात प्रत्येक नोंदीला दोन वेळा असतात: घटना घडल्याची आणि ती लिहिली गेल्याची. कोणत्या वेळेवर सॉर्ट करायचं हे तुम्हाला काय शोधायचंय त्यावर ठरतं. कालक्रमानं वाचलं तर पर्न हा एका ग्रहाचा इतिहास होतो. प्रकाशनक्रमानं वाचलं तर ती विसरलेलं परत मिळवण्याची गोष्ट होते. दुसरी गोष्ट मला कितीतरी मोठी वाटते. म्हणून वाचनक्रम सुचवणं हीसुद्धा टीकाच आहे: पुस्तक कशाबद्दल आहे हे आपण त्यातून सांगत असतो.

एवढा धडा घेऊन मागच्या दिवाळीत मी पंधरा वर्षांच्या मावसबहिणीला 'ड्रॅगनफ्लाइट' दिलं. चौथ्या दिवशी तिचा मेसेज आला, "ताई, हा फ्लार हीरो आहे का?" मला कळलं ती कुठे पोचली असेल. फ्लार चिडला की लेसाला धरून गदागदा हलवतो. ड्रॅगनच्या मीलनाच्या वेळी स्वारही त्या आवेगात ओढले जातात, आणि लेसाला त्याची नीट कल्पनाही कुणी दिलेली नसते. एकोणीसाव्या वर्षी मी ही पानं भरभर उलटली होती. तिनं पुस्तक मिटलं.

मग मी 'ड्रॅगनसाँग' (१९७६) दिलं. मच्छीमार वस्तीतली मेनोली, गाण्यात रमणारी, आणि मुलीनं गायचं नाही म्हणून तिला गप्प करणारा बाप. लेसापासून मेनोलीपर्यंतच्या आठ वर्षांत मॅकॅफ्री मुलींबद्दल कसं लिहायला लागली हेही प्रकाशनक्रमच दाखवतो. पण या पुस्तकात ओस वेअर्सचं उत्तर गृहीत धरलेलं आहे. म्हणजे मी ज्यासाठी हळहळते ते मी स्वतःच तिच्याकडून काढून घेतलं. या खेपेला जाणूनबुजून.

तेव्हा माझा सल्ला असा: प्रकाशनाच्या क्रमानं वाचा. फ्लार सहन होत नसेल तर 'ड्रॅगनसाँग'च्या दारानं आत या आणि मग मागे वळा. 'ड्रॅगन्सडॉन'पासून मात्र सुरुवात करू नका, शीट कितीही नीटनेटकी दिसली तरी.

बहीण आता 'ड्रॅगनफ्लाइट'कडे परत आलीय. "उत्तर माहितीये, पण लेसाला ते कसं सुचलं ते बघायचंय," म्हणते. फ्लार अजूनही आवडत नाही. मोरेटाची कादंबरी मी तिला एवढ्यात देणार नाही. आधी पोवाडा कानावर पडू दे.