वाचकाच्या नावाने

व्यक्तीचे हक्क, समाजाची नीती आणि धर्मश्रद्धा या तिघांचे भांडण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालू आहे. शारदोत्सवातील व्याख्यानमाला असो, साहित्यसंमेलनाचा मांडव असो, हा विषय निघाला की वक्त्याला स्फुरण चढते आणि श्रोत्यांचे दोन तट पडतात. बहुतेक वक्ते या भांडणात दोनच पक्ष धरून चालतात. एका बाजूला लेखक वा सुधारक, दुसऱ्या बाजूला धर्म आणि रूढी. मला मात्र पुष्कळ दिवसांपासून असे वाटत आले आहे की, येथे एक तिसरा पक्षही आहे. त्याच्या नावाने फिर्याद होते, त्याच्या हिताकरिता शिक्षा ठोठावली जाते, पण साक्षीला त्याला कोणी बोलावीत नाही. तो म्हणजे वाचक. मी कायदेपंडित नव्हे. मॅट्रिक झालेला, कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर. परंतु या तिसऱ्या पक्षातील अगदी कोवळ्या वयाच्या मंडळींशी माझी रोजची गाठ आहे. तेवढ्याच अधिकाराने मी या वादात तोंड घालीत आहे.

दिवाळी अंकात लिहावयाचे, तर दिवाळी अंकाचेच उदाहरण घ्यावे. १९६२ सालच्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा आली. एका कवीच्या आयुष्यात आलेल्या स्त्रियांची ही गोष्ट. ती अश्लील आहे अशी फिर्याद एका खाजगी गृहस्थाने केली आणि भारतीय दंडसंहितेच्या कलम २९२ खाली लेखक, मुद्रक-प्रकाशक व विक्रेता यांच्यावर खटला उभा राहिला. बचावाच्या बाजूने मराठीतील साहित्यिकांच्या साक्षी झाल्या. मॅजिस्ट्रेटने आरोपींना सोडून दिले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून लेखकाला दोषी ठरविले, पंचवीस रुपये दंड केला आणि त्याच्या ताब्यातील अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. पुढे १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरविले. पंचवीस रुपयांच्या दंडासाठी एक कथा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीपासून दिल्लीपर्यंत सात वर्षे हिंडत होती!

या निकालातील दोन गोष्टी टीकाकाराने लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, न्यायमूर्तींनी कथेची थोरवी गाऊन लेखकाला सोडले नाही. कथा फारशा उच्च दर्जाची नाही, लेखकाची अपरिपक्वता तीत दिसते, विषयाची मांडणी निःसत्त्व आहे, असेच त्यांचे मत पडले. तरीही ती अश्लील ठरत नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला. दुसरी गोष्ट किशोरवयीन वाचकाविषयीची. कामविषयाचा नुसता उल्लेख आला म्हणून पुस्तक मुलांच्या हाती देऊ नये असे ठरविले, तर मुलांना कोणतीच कादंबरी वाचता येणार नाही, त्यांनी निव्वळ धार्मिक ग्रंथच वाचीत बसावे लागेल, अशा आशयाचे ते बोलले. आपली पुराणे ज्याने खरोखरी वाचली आहेत, तो येथे किंचित हसेल. कारण काम, असूया, मोह यांचे जे दर्शन व्यासांनी महाभारतात घडविले आहे, ते ‘श्यामा’कारांना साधले असते तर न्यायमूर्तींना त्यांच्या अपरिपक्वतेची तक्रार करावी लागली नसती.

पहिल्या गोष्टीचे महत्त्व मला अधिक वाटते. आपल्याकडे लेखनस्वातंत्र्याचा कैवार घेताना आपण नकळत म्हणून जातो, ‘अहो, ही तर कलाकृती आहे!’ जणू कलाकृती नसती तर जप्ती योग्यच होती. चांगल्या पुस्तकालाच जो हक्क मिळतो तो हक्क कसला? ते पारितोषिक झाले. हक्काची परीक्षा सामान्य, फसलेल्या, बेतास बात लेखनावरच व्हावयाची असते. ‘श्यामा’ ही कथा मराठी वाङ्मयात चिरंजीव होण्याच्या लायकीची नाही, हे मी मोकळेपणाने म्हणतो. आणि तिच्या प्रती जाळण्याचा अधिकार कोणालाही नव्हता, हेही तितक्याच मोकळेपणाने म्हणतो. पहिले विधान टीकाकाराचे आहे, दुसरे नागरिकाचे. या दोन विधानांची गल्लत झाली की वादाचा विचका होतो.

आता त्या अनुपस्थित वाचकाकडे वळू. त्याचा जन्म लंडनमध्ये १८६८ साली झाला असे म्हणावयास हरकत नाही. त्या वर्षी ‘हिक्लिन’ नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात मुख्य न्यायमूर्ती कॉकबर्न यांनी अश्लीलतेची कसोटी घालून दिली. ज्यांची मने अशा दुष्परिणामांना खुली आहेत आणि ज्यांच्या हाती असे पुस्तक पडण्याचा संभव आहे, अशांना बिघडविण्याकडे त्याचा कल आहे काय, हे पाहावे, अशी ती कसोटी. गमतीची गोष्ट ही की, ज्या पुस्तिकेवरून ही कसोटी निघाली ती शृंगारकथा नव्हती. कॅथॉलिक पंथातील पापनिवेदनाच्या प्रथेवर हल्ला चढविणारी ती एक धार्मिक वादाची पुस्तिका होती. म्हणजे आपल्या नीतीच्या कायद्याचे मूळ शोधू गेले, तर ते दोन पंथांच्या भांडणात सापडते! हीच कसोटी आपल्या न्यायालयांनी उचलली. १९६४ साली ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, ती हिच्याच आधारे. २०१४ साली त्याच न्यायालयाने ही कसोटी बाजूला सारून समकालीन समाजाचे मानदंड पाहावे असे म्हटले. परंतु दीडशे वर्षांच्या या काळात तो चटकन बिघडणारा वाचक प्रत्यक्ष कोण, कोठे राहतो, त्याचे म्हणणे काय, हे कोणी विचारल्याचे दिसत नाही.

एका मराठी खटल्यात मात्र हा वाचक स्वतः हजर होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. या कामापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, आणि तरीही दोनशे रुपये दंड झालाच. या दुसऱ्या खटल्याचा विषय कोणती कथा वा चित्र नव्हते. वाचकांनी आपल्या शरीराविषयी, हस्तमैथुनाविषयी, समलिंगी संबंधांविषयी पत्रे पाठवून शंका विचारल्या होत्या आणि कर्व्यांनी त्यांना उत्तरे दिली होती. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनात शंका असतील तर त्या ज्ञानानेच फिटावयाच्या, असा आंबेडकरांच्या युक्तिवादाचा रोख होता.

येथे थोडे थांबून विचार करावा. वाचकाने प्रश्न विचारला; लेखकाने उत्तर दिले; आणि त्या वाचकाचे मन बिघडेल म्हणून न्यायालयाने उत्तर देणाऱ्याला दंड केला. प्रश्न विचारणारा बिघडलेला नव्हता, गोंधळलेला होता. त्याला कोणी बोलते करावयास हवे होते, आणि ते काम करणारा मनुष्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. ज्या विषयावरील उत्तरे १९३४ साली दंडनीय ठरली, त्यांपैकी समलिंगी संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. चौऱ्याऐंशी वर्षे! त्या पत्रलेखकांपैकी हा निकाल पाहण्यास कोण उरला असेल?

कर्व्यांची भक्ती करावी असे मात्र मला वाटत नाही. त्यांचे लेखन तर्काने भक्कम, पण रसाने कोरडे आहे. श्रद्धा म्हणजे केवळ चुकीची माहिती, असे त्यांना वाटत असावे असा भास ते वाचताना होतो. मनुष्य देवापुढे बसतो तो माहिती मिळविण्यासाठी नव्हे, हे कादंबरीकाराला कळते, तर्कनिष्ठाला कित्येकदा कळत नाही. सुधारकांचे लेखन सामान्य माणसाच्या घरात का शिरले नाही, याचे एक कारण या कोरडेपणात आहे. उलट बाजूस ‘विभावरी शिरूरकर’ यांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ पाहा. १९३३ साली निघालेल्या या पुस्तकाने अविवाहित, शिकलेल्या मुलींच्या मनातील कोंडमारा बोलून दाखविला आणि मोठे वादळ उठले. तेथे सिद्धान्त नाहीत, माणसे आहेत. म्हणून ते पुस्तक घराघरांत शिरले. पण ते लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकरांना टोपणनावाच्या आड राहावे लागले. हक्क होता, पण तो स्वतःच्या नावाने बजावण्याची सोय नव्हती.

श्रद्धेच्या बाजूनेही बोलले पाहिजे. कर्व्यांचे मासिक सुरू झाले त्याच १९२७ साली दंडसंहितेत कलम २९५-अ घातले गेले. लाहोरच्या ‘रंगीला रसूल’ प्रकरणानंतर, हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने धर्मभावना दुखविणाऱ्याला शिक्षा करण्यासाठी ते आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा या कलमाचा क्रमांक २९९ झाला आणि अश्लीलतेच्या कलमाचा २९४. आशय बहुतांशी तोच राहिला. एखाद्या समाजाला मुद्दाम हिणवून दंगल पेटविणे आणि एखाद्या श्रद्धेची चिकित्सा करणे यांत फरक आहे, आणि ‘दुष्ट बुद्धी’ या शब्दांनी कायदा तो फरक मानतोही. अडचण व्यवहारात येते. ‘आमच्या भावना दुखावल्या’ असे म्हणणारे पुढारी असतात. ज्याच्या भावना म्हणून सांगितल्या जातात तो भाविक आपला वारीला गेलेला असतो. वाचकाप्रमाणे त्यालाही कोणी विचारलेले नसते.

नववीच्या वर्गात तुकोबा शिकविताना एका मुलाने मला विचारले, “सर, तुकाराम देवाला एवढं टाकून बोलतो, त्याच्यावर कुणी केस केली नाही का?” मी त्यांना इंद्रायणीची परंपरागत कथा सांगितली. वेदार्थ प्राकृतात सांगण्याचा याला अधिकार नाही असा रामेश्वरभट्टांनी आक्षेप घेतला, वह्या डोहात बुडविल्या गेल्या, तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, आणि पुढे रामेश्वरभट्टच तुकोबांचे भक्त झाले. त्यावर मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, “पण सर, बुडवायच्या आधी त्यांनी त्या वाचल्या होत्या का?” मला उत्तर देता आले नाही. ही सारी चर्चा त्या मुलाने एका वाक्यात आणून ठेवली. ज्याला बिघडण्यापासून वाचवावयाचे, तो हा वाचक आहे!

आमच्या भक्तीच्या परंपरेत जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, चोखोबा त्याला जाब विचारतात. हे सारे देवाने ऐकून घेतले आणि वारकऱ्यांनी टाळमृदंगावर गायिले. एवढी दणकट श्रद्धा एखाद्या कथेने कोसळेल असे ज्याला वाटते, त्याची श्रद्धेविषयीची कल्पना फार लहान आहे. राज्यघटनेनेही येथे एक मार्मिक गोष्ट केली आहे. अनुच्छेद १९ मध्ये भाषणस्वातंत्र्यावर नीतिमत्तेची मर्यादा आहे. आणि अनुच्छेद २५ मध्ये धर्मस्वातंत्र्यावरही नीतिमत्तेचीच मर्यादा आहे. म्हणजे बोलणारा आणि भजणारा, दोघेही एकाच नीतीपुढे उभे आहेत. नीती ही धर्माची दासी नव्हे, आणि लेखकाची शत्रूही नव्हे. ती या दोघांनी मिळून, वाद घालीत, घडवावयाची आहे.

मग मुलांच्या हाती वाटेल ते पडू द्यावे काय, असे एखादा पालक विचारील. प्रश्न रास्त आहे. शाळेचे कपाट भरताना मी निवड करतो. काही पुस्तके आठवीला देत नाही, दहावीला देतो. पण निवड करणारा मनुष्य पुस्तक वाचतो, आपल्या निवडीची कारणे सांगतो, आणि मुलगा मोठा झाला की बाजूला होतो. बंदी घालणाऱ्याला या तिन्हींची गरज पडत नाही.

हा सारा ऊहापोह अखेर आम्हा लिहिणाऱ्यांच्या दाराशी येऊन थांबतो. ‘श्यामा’ सामान्य आहे हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. ते काम न्यायालयाचे नव्हते, टीकाकाराचे होते. वाचकाला पुस्तक मिटण्याचा हक्क आहे, चिडण्याचा आहे, खरपूस पत्र लिहिण्याचा आहे. आणि टीकाकाराला ते पुस्तक फाडून नव्हे, वाचून खोडून काढण्याचा आहे. हे हक्क आम्ही जेवढे वापरू, तेवढे फिर्यादीचे कागद कमी होतील. तेव्हा हा अंक हाती घेणाऱ्या वाचकाला माझी एवढीच विनंती आहे: यातील एखादे लेखन, अगदी माझेसुद्धा, आपल्याला अनीतीचे वाटले, तर संपादकांना जरूर लिहा. फक्त ते शेवटपर्यंत वाचून लिहा, आणि दुसऱ्या कोणाच्या नावाने न लिहिता स्वतःच्या नावाने लिहा.