लोकमाध्यमे आणि ‘सकाय निरुत्तिया’

चुल्लवग्गात ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंची तक्रार नोंदविली आहे. नाना गोत्रांचे, नाना जातींचे भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन दूषित करतात, म्हणून ते छंदात बसवावे, असे त्यांचे म्हणणे. तथागतांनी मागणी धिक्कारली व बुद्धवचन ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्याची अनुज्ञा दिली. आचार्य बुद्धघोषांनी या पदाचा अर्थ ‘बुद्धांची स्वतःची मागधी’ असा केला; तक्रारीचा रोख पाहता ‘ज्याच्या त्याच्या बोलीत’ हाच अर्थ आम्हास युक्त वाटतो.

आपल्या शासकीय प्रसारमाध्यमांनी मात्र बुद्धघोषांचाच अर्थ पत्करलेला दिसतो. बोली केंद्राची, श्रोता गोंदियाचा. १४ एप्रिल व ६ डिसेंबर रोजी बाबासाहेबांना आदरांजली वाहिली जाते. त्याविषयी तक्रार नाही. पण वंदन म्हणजे जातीच्या प्रश्नाची चर्चा नव्हे.

खैरलांजी भंडारा जिल्ह्यात आहे, आणि १९९९ पर्यंत गोंदियाही त्याच जिल्ह्यात होते. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तिला जातीय अत्याचार म्हणावयास बड्या माध्यमांना कित्येक आठवडे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्र शासनाने सामुदायिक रेडिओ स्वयंसेवी संस्थांना खुला केला. निम्मे कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागाने व्हावेत ही अट स्वागतार्हच. परंतु स्वतःच्या बातम्यांना मनाई! म्हणजे अशा गावातील केंद्र पाऊसपाणी सांगेल, खून सांगणार नाही.

शिवाय ‘समुदाय’ म्हणजे कोण? गाव म्हणजे एकजीव समाज, ही कल्पना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत झुगारून दिली होती. गावाचा रेडिओ पाटलाच्या वाड्यात गेला, तर नभोवाणीलाही वेस येईल. तेलंगणातील माचनूर येथे २००८ पासून चाललेल्या संघम रेडिओचे महत्त्व यासाठी की, तेथे ध्वनिक्षेपक दलित स्त्रियांच्या हाती आला. बियाणे, पीक, गाणी, सारे त्यांच्याच तेलुगूत.

आपल्याकडे झाडीबोली आहे, पोवारी आहे, गोंडी आहे. केंद्र निघाले तर त्याच्या समितीत बौद्ध व आदिवासी वस्त्यांतील स्त्रिया निर्णय घेणाऱ्या असाव्यात, केवळ गाणाऱ्या नव्हेत. विहीर, शाळा, मजुरी यांविषयीच्या आठवणी आणि १९५६ च्या दीक्षेची कथने ‘बातमी’ नव्हेत. नियमाची त्यांना आडकाठी नाही. ती सांगणारी पिढी आता नव्वदीच्या घरात आहे.