जलदैत्य आणि प्रथमपुरुषी क्रियापद : ‘ॲबोलेथ’च्या उपयोजनाचा विचार

भूमिका घेऊन खेळावयाच्या अद्‌भुतरम्य खेळांत भाषा हेच खेळाचे मुख्य साधन होय. फासे असतात, नकाशे असतात. परंतु खेळाडू ‘मी दार उघडतो’ असे म्हणतो तेव्हाच दार उघडते. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ज्या उक्तींना कृतीचे स्थान दिले, त्यांच्याशी या वाक्याचे नाते निकटचे आहे. फरक इतकाच की, येथे उक्तीच्या सिद्धीला सूत्रधाराची संमती लागते. गायगॅक्स व आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ सालच्या खेळापासून हा करार रूढ झाला. प्रस्तुत टिपणात या करारालाच धक्का देणाऱ्या एका जलदैत्याचा विचार करावयाचा आहे.

‘ॲबोलेथ’ हा प्राणी डेव्हिड कुक यांच्या ‘ड्वेलर्स ऑफ द फॉरबिडन सिटी’ या १९८१ सालच्या साहसकथेत प्रथम अवतरला आणि १९८३ साली ‘मॉन्स्टर मॅन्युअल’च्या दुसऱ्या भागात स्थिर झाला. सुमारे वीस फूट लांबीचा, माशासारखा देह, एकावर एक असे तीन डोळे व चार शुंडा असे त्याचे रूप आहे. त्याच्या स्पर्शाने त्वचा पातळ व ओलसर होते आणि बाधित मनुष्यास पाण्याचाच आश्रय घ्यावा लागतो. तथापि त्याचे खरे सामर्थ्य देहात नाही. २०१४ सालच्या नियमग्रंथानुसार तो दिवसातून तीन वेळा दुसऱ्याची इच्छाशक्ती अंकित करू शकतो. त्याच ग्रंथानुसार त्याची स्मृती पिढ्यान्‌पिढ्या अखंड वाहत येते, आणि जो त्याच्याशी मनोमन बोलतो त्याची परमोच्च आकांक्षा त्यास तत्क्षणी कळते.

असे असूनही अनेक सूत्रधार त्याला भूमिगत सरोवराच्या तळाशी बसवितात व अखेरच्या झुंजीपुरता वर आणतात. हा उपयोग चुकीचा नसला तरी तोकडा आहे. नॉर्वेच्या दर्यावर्दी कथांतून आलेला क्राकेन जहाज बाहेरून फोडतो. खलाशांचे ‘मी’ अबाधित राहते. ॲबोलेथ मात्र ‘मी’च्या आतच शिरतो. केवळ झुंजच हवी असेल तर क्राकेन पुरेसा आहे. त्यासाठी ॲबोलेथ खर्ची घालण्याचे प्रयोजन नाही.

पात्र अंकित झाले म्हणजे त्याचे क्रियापद कोणी उच्चारावयाचे, हा खरा प्रश्न होय. सूत्रधाराने पात्र आपल्या हाती घेतले तर खेळाडू मूक होतो; आणि ज्या खेळात बोलणे हीच कृती, तेथे मूक होणे म्हणजे खेळाबाहेर जाणे. दुसरा मार्ग असा की, सूत्रधाराने आज्ञा गुप्तपणे द्यावी व ती खेळाडूनेच स्वतःच्या वाणीने पार पाडावी. मला हा दुसरा मार्ग श्रेयस्कर वाटतो. सहकाऱ्यांना ‘मी’ ऐकू येतो, पण त्यामागचा वक्ता निराळा असतो. भय येथे जन्मते. मात्र असा डाव मांडण्यापूर्वी त्या खेळाडूची संमती घेतली पाहिजे. दुसऱ्याचा आवाज न विचारता हिरावणे हा खेळातील दैत्याचा धर्म असेल, सूत्रधाराचा नव्हे.

मराठीतून खेळताना या प्रसंगाला एक जादा धार येते. इंग्रजीतील ‘वुई’ हे सर्वनाम श्रोत्याचा समावेश आहे की नाही, हे सांगत नाही. मराठीत ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते व ‘आपण’ त्याला सामावून घेते. अंकित झालेला सोबती काल ‘आपण परत जाऊ’ म्हणत होता व आज ‘आम्ही खाली थांबतो’ म्हणू लागला, तर चाणाक्ष खेळाडूला तेवढ्यावरून संशय यावा. उलट ‘चला, आपण पाण्यात उतरू’ हे मायाळू आमंत्रण अधिकच घातक ठरते. कोणताही फासा न टाकता, केवळ सर्वनामाच्या निवडीने, सूत्रधारास हे साधता येईल.

नियमांनी सुटकेची वाटही ठेवली आहे. अंकित पात्रास इजा झाली की प्रत्येक वेळी, तसेच ते दैत्यापासून किमान एक मैल दूर असेल तर चोवीस तासांत एकदा, पुन्हा प्रतिकार करता येतो. म्हणजे मित्राने मित्रावर वार करावा किंवा त्याला ओढून पाण्यापासून दूर न्यावे, असा पेच निर्माण होतो. दैत्याचा वध करण्याहून हा पेच कथेच्या दृष्टीने कितीतरी समृद्ध आहे. कारण त्यात सोबत्यांच्या निष्ठेची परीक्षा होते.

सारांश, ॲबोलेथ हा देहाने जलचर असला तरी कार्याने वाणीचा अपहारक आहे. ज्या साहसकथेत त्याच्या मृत्यूपेक्षा अंकित पात्राने स्वतःच्या इच्छेने उच्चारलेले पहिले ‘मी’ अधिक महत्त्वाचे ठरते, तिच्यात त्याचे उपयोजन सार्थ झाले असे म्हणता येईल.