सहा चेंडू आणि छत्तीस सामने

सुपर ओव्हरचा पहिला चेंडू निर्धाव गेला. टाकणारा सौरभ नेत्रावळकर, समोर इफ्तिखार अहमद, लक्ष्य 19 धावांचं. 6 जून 2024 रोजी डॅलसजवळच्या ग्रँड प्रेअरी स्टेडियमवर अमेरिका आणि पाकिस्तान या दोघांच्याही 159 धावा झाल्या होत्या आणि ट्वेन्टी-20 विश्वचषकातला तो सामना या एका षटकावर येऊन ठेपला होता. दुसऱ्या चेंडूवर चौकार. मग एक वाइड. तिसऱ्यावर इफ्तिखारने मारलेला उंच फटका आणि मिलिंद कुमारने झेपावून घेतलेला झेल. पुन्हा एक वाइड. चौथ्यावर शादाब खानच्या अंगाला लागून गेलेल्या चार लेगबाय. पाचव्यावर दोन धावा. शेवटच्या चेंडूवर सात हव्या होत्या, मिळाली एक. अमेरिका 18, पाकिस्तान 13.

या षटकाची चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. मला मात्र ते धावफलकाच्या भाषेत, आकड्यांतून वाचायला जास्त आवडतं. तेरा धावांची फोड करून पाहा. दोन वाइडच्या, चार लेगबायच्या. म्हणजे बॅटीतून आलेल्या धावा फक्त सात. एकोणीस धावा काढायच्या असताना, षटकार मारण्यासाठीच उभ्या असलेल्या फलंदाजांना सहा चेंडूंत बॅटीने सात धावा आणि एकच चौकार मिळाला. या षटकाचा खरा मजकूर हा आहे.

आता त्या दोन वाइडकडे बघा. वरवर पाहता त्या चुका आहेत. पण इथे त्या एका निर्णयाची किंमत आहेत. नेत्रावळकर डावखुरा, मध्यमगती, उंच. ताशी दीडशे किलोमीटरचा वेग त्याच्याकडे नाही. फलंदाजाच्या बॅटीच्या कक्षेत चेंडू पडला तर तो सरळ प्रेक्षकांत जाणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून बहुतेक चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर, पूर्ण लांबीचे, वाइडच्या रेषेला लगटून. रेषेच्या आत राहिला तर फलंदाजाला हात लांबवून खेळावं लागतं, बाहेर गेला तर एक धाव जाते. एक धाव देऊन षटकार वाचवायचा, हा सौदा त्याने दोनदा केला. दोन्ही वाइडनंतर त्याने लगेच आत, सुरक्षित जागी चेंडू आणलेला नाही. दडपणाखाली माणूस एका चुकीनंतर बेत बदलतो, आणि बहुतेक वेळा तिथेच फसतो. या षटकात बेत बदलत नाही. मला त्याचं सगळ्यांत जास्त सौंदर्य या टिकून राहण्यात दिसतं. मूळ डावातही त्याने चार षटकांत 18 धावा देऊन दोन बळी घेतले होते, मोहम्मद रिझवान आणि हाच इफ्तिखार.

दहावीच्या मराठीच्या पेपरात रसग्रहणाचा प्रश्न असतो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा पायऱ्यांनी कविता उलगडायची असते. आमच्या अमळनेरात, जिथे साने गुरुजींनी प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं, तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं आणि 1952 व 2024 अशी दोनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनं भरली, तिथे हा प्रश्न सोडवलेली माणसं घरोघरी आहेत. वाचणाऱ्याला एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागत नाही: समोरच्या ओळीचा अर्थ आधीच्या ओळींत असतो. डॅलसच्या षटकाचंही तसंच आहे. त्याच्या आधीच्या ओळी फार थोड्यांनी वाचल्या, कारण त्या लिहिल्या गेल्या विंडहुक, कीर्तिपूर आणि ओमानच्या मैदानांवर, अशा एका स्पर्धेत जिचं नावही बहुतेक रसिकांच्या कानावर आलेलं नाही. तिचं नाव आयसीसी क्रिकेट विश्वचषक लीग-2.

ही स्पर्धा कसोटी न खेळणाऱ्या देशांची. एकदिवसीय विश्वचषकाच्या दारापर्यंत पोचायचं तर त्यांना हिच्यातून चालत जावं लागतं. पहिल्या पर्वात, 2019 ते 2023, सात संघ होते: स्कॉटलंड, ओमान, नेपाळ, नामिबिया, अमेरिका, संयुक्त अरब अमिराती आणि पापुआ न्यू गिनी. तिरंगी मालिकांतून प्रत्येकाने 36 सामने खेळायचे, एकूण 126. पहिले तीन झिम्बाब्वेतल्या पात्रता फेरीत थेट जाणार. त्या फेरीत दहा संघ, आणि विश्वचषकाच्या जागा फक्त दोन. 2007 च्या विश्वचषकात सोळा संघ होते, 2011 आणि 2015 मध्ये चौदा. 2019 पासून दहाच केले. हा निर्णय मला आजही अन्यायाचा वाटतो. दार अरुंद करायचं आणि त्याच वेळी खेळ जगभर पसरवायचा म्हणायचं, हे जुळत नाही.

अमेरिका या लीगमध्ये आली ती विंडहुकहून. एप्रिल 2019 मध्ये नामिबियाच्या राजधानीत जागतिक क्रिकेट लीगच्या दुसऱ्या विभागाची स्पर्धा झाली. सहा संघ, आणि त्यांतल्या चौघांना एकदिवसीय सामन्यांचा अधिकृत दर्जा मिळणार होता. अमेरिका, नामिबिया, ओमान, पापुआ न्यू गिनी वर गेले. कॅनडा आणि हाँगकाँग खाली राहिले. अमेरिकेचा कर्णधार होता नेत्रावळकर. सामना संपल्यावर करंडकापेक्षा दर्जा महत्त्वाचा असतो, ही भावना मोठ्या देशांच्या क्रिकेटमध्ये आपल्याला भेटतच नाही. भारत एखादी मालिका हरला तरी पुढच्या महिन्यात पुन्हा भारतच असतो. विंडहुकमध्ये हरलेल्या संघाचे सामने अधिकृत नोंदवहीतच एकदिवसीय म्हणून धरले जात नव्हते.

नेत्रावळकर मुंबईचा. 2010 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात के. एल. राहुल, जयदेव उनाडकट, मयंक अगरवाल यांच्याबरोबर तो भारताकडून खेळला. त्या स्पर्धेत भारताला उपांत्यपूर्व सामन्यात पाकिस्तानने हरवलं आणि त्या पाकिस्तानी संघात बाबर आझम होता. 2013 मध्ये तो मुंबईकडून रणजी खेळला. संगणक अभियांत्रिकीची पदवी हातात होती, मुंबईच्या संघातली जागा मात्र पक्की होत नव्हती. 2015 मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेला, पुढे ओरॅकलमध्ये नोकरीला लागला. नोकरीच्या गावाहून, सॅन फ्रान्सिस्कोहून, शनिवारच्या सामन्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी मोटारीने लॉस एंजेलिस गाठायचं, सामना खेळून परतायचं, हे त्याने बरीच वर्षं केलं. निवासाची अट पूर्ण झाल्यावर 2018 मध्ये तो अमेरिकेच्या संघात आला.

हा भाग वाचताना मला आमचंच गाव दिसतं. 1945 मध्ये अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या कंपनीने पुढे विप्रो या नावाने संगणकाच्या जगात पाय ठेवला. तिचे भाग कुणाकडे होते नि कुणी ते कधी विकले, यावर इथे अजून गप्पा होतात. त्याच जगाने नंतर महाराष्ट्रातल्या हजारो घरांतली मुलं अमेरिकेला नेली. आणि जवळजवळ प्रत्येक घरात त्याआधी एक प्रसंग घडलेला असतो. मुलगा चांगला खेळतो, बारावीचं वर्ष येतं, बॅट माळ्यावर जाते. प्रताप कॉलेजच्या मैदानावर आणि उन्हाळ्यातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत नाव काढलेली कितीतरी मुलं आज कुठल्या कुठल्या शहरांत नोकऱ्या करत असतील. नेत्रावळकरनेही तोच रस्ता धरला. फरक एवढाच की त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एक राष्ट्रीय संघ उभा होता, ज्याला खेळाडूंची गरज होती. ती गरज या लीगने निर्माण केली. छत्तीस सामन्यांचं वेळापत्रक हातात असलं की मंडळाला संघ उभा करावाच लागतो, प्रवासाची सोय करावी लागते, शनिवार-रविवारच्या क्लबातला गोलंदाज शोधून काढावा लागतो.

आता कीर्तिपूर. 12 फेब्रुवारी 2020, काठमांडूजवळचं त्रिभुवन विद्यापीठाचं मैदान, समोर नेपाळ. अमेरिका 12 षटकांत सर्वबाद 35. संदीप लामिछाने 16 धावांत 6 बळी, सुशन भारी 5 धावांत 4. झेव्हियर मार्शलच्या 16 सोडल्या तर एकालाही दोन आकडी धावा नाहीत. नेपाळने 5.2 षटकांत सामना संपवला. एकदिवसीय क्रिकेटमधल्या नीचांकी धावसंख्येची बरोबरी झाली. 2004 मध्ये झिम्बाब्वेच्याही श्रीलंकेविरुद्ध इतक्याच झाल्या होत्या. अमेरिकेचा कर्णधार नेत्रावळकरच.

या धावफलकाची थट्टा खूप झाली. मला तो गंभीरपणे वाचावासा वाटतो, कारण लीगच्या रचनेचं मोल त्यातच कळतं. 2007 मध्ये सुरू झालेली जुनी जागतिक क्रिकेट लीग विभागांची होती. एका आठवड्याची स्पर्धा, वरचे वर, खालचे खाली. एक वाईट सकाळ उगवली की संघ विभागाखाली, आणि परत चढायला वर्षं. कीर्तिपूरचा सामना त्या रचनेत अमेरिकेला बुडवून गेला असता. लीग-2 मध्ये त्या पराभवाची किंमत होती दोन गुण आणि धावगतीचा फटका. एका धावेने हरलं काय नि असं हरलं काय, गुण तेवढेच जातात. पुढचा सामना शिल्लक राहतो. घडायला वेळ लागणाऱ्या संघासाठी याहून मोठी मेहेरबानी कोणती?

मग कोरोनाने सगळं थांबवलं. दीड वर्षाने, सप्टेंबर 2021 मध्ये, अमेरिका पुन्हा एकदिवसीय सामना खेळली ती ओमानमध्ये. 9 तारखेला पापुआ न्यू गिनीविरुद्ध जसकरण मल्होत्राने डावाच्या शेवटच्या षटकात सहाही चेंडूंवर षटकार मारले आणि नाबाद 173 केल्या. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये हर्शेल गिब्जनंतरचा हा दुसराच. कीर्तिपूर आणि हा सामना एकाच गुणतालिकेत, एकाच संघाच्या नावापुढे आहेत. पस्तीसवर गारद झालेला संघ आणि एका षटकात छत्तीस कुटणारा संघ. कादंबरीत अशी दोन प्रकरणं आली तर आपण लेखकाला दाद देतो. इथे ती मिळाली नाही, कारण वाचकच नव्हता.

या पर्वातलं सगळ्यांत सुंदर पान मात्र नेपाळचं आहे, अमेरिकेचं नाही. शेवटच्या टप्प्यात नेपाळने बारांपैकी अकरा सामने जिंकले आणि मार्च 2023 मध्ये तिसरं स्थान पटकावलं. कीर्तिपूरच्या उतारावर आणि भोवतीच्या झाडांवर बसून लोकांनी ते पाहिलं. त्या गर्दीची छायाचित्रं पाहिली की वाटतं, क्रिकेट कुणाचं, हे खेळणाऱ्यांइतकंच झाडावर चढणारेही ठरवतात. स्कॉटलंड आणि ओमान त्यांच्या पुढे होते. अमेरिकेला मागच्या दाराने, विंडहुकच्या प्ले-ऑफमधून यावं लागलं. तिथे जर्सीविरुद्ध अली खानने 32 धावांत 7 बळी घेतले नसते, तर झिम्बाब्वेचं विमानही चुकलं असतं. आणि तिथे पोचून काय झालं? सगळे गटसामने हरले. हरारेत झिम्बाब्वेने 408 धावा ठोकून त्यांना 304 धावांनी हरवलं. त्याच शहरात 1 जुलैला स्कॉटलंडने दोन वेळच्या विश्वविजेत्या वेस्ट इंडिजला सात गडी राखून नमवलं आणि वेस्ट इंडिज पहिल्यांदाच एकदिवसीय विश्वचषकाबाहेर राहिला. पण पाचच दिवसांनी स्कॉटलंडही नेदरलँड्सकडून हरून बाहेर पडलं. साडेतीन वर्षांच्या लीगमध्ये अव्वल ठरलेल्या संघाला शेवटी विश्वचषकात जागा नाही, हे वाचून मला आजही हळहळ वाटते.

म्हणून डॅलसबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ट्वेन्टी-20 विश्वचषकात अमेरिकेला जागा मिळाली ती यजमान म्हणून, लीगमधून नव्हे. पण जागा मिळणं वेगळं आणि शेवटच्या षटकात चेंडू हातात घेणं वेगळं. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये भारताविरुद्ध नेत्रावळकरने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहित शर्माला तीन धावांवर बाद केलं. भारत सात गडी राखून जिंकला, पण 110 धावांचा बचाव करताना नव्या चेंडूवरचा तो स्थिरपणा यजमानपदाने येत नाही. तो पस्तीस धावा झाल्यावरही मैदानात उतरून गोलंदाजी टाकलेल्या माणसाकडे असतो. कोहली-रोहितच्या बळींनी मराठी वर्तमानपत्रांत नेत्रावळकरच्या नावाचे मथळे झाले. कीर्तिपूरला तेवढी जागा कुणी दिली नव्हती.

2024 पासून लीग-2 चं नवं पर्व सुरू झालं. आता आठ संघ आहेत, कॅनडा आणि नेदरलँड्स आत आले, पापुआ न्यू गिनी बाहेर गेली. प्रत्येकी 36, एकूण 144 सामने. पहिले चार पात्रता फेरीत, उरलेल्या चौघांना आणखी एक संधी. 2027 चा विश्वचषक दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे आणि तो पुन्हा चौदा संघांचा आहे. या पर्वातला एक धावफलक मी कीर्तिपूरच्या शेजारी ठेवून वाचतो. 18 फेब्रुवारी 2025, अल अमेरात, ओमान. अमेरिका सर्वबाद 122. खेळपट्टी अशी की दोन्ही संघांनी एकही षटक वेगवान गोलंदाजाला दिलं नाही, पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांत हे पहिल्यांदाच घडलं. नॉस्टुश केंजिगेने 11 धावांत 5 बळी घेतले. ओमान सर्वबाद 65. पूर्ण षटकांच्या एकदिवसीय सामन्यात याहून कमी धावांचा बचाव कुणीच केलेला नव्हता. आधीचा विक्रम भारताचा होता, 1985 मध्ये शारजात पाकिस्तानविरुद्ध 125 धावांचा.