डोलकर आणि भरतीची वेळ

शान्ता शेळके यांचं ‘मी डोलकर’ हे गीत गॅदरिंगपासून हळदीपर्यंत सगळीकडे इतकं वाजतं, की ते नीट ऐकायचं राहूनच जातं. ठेका धरला की पावलं हलतात आणि शब्द मागे पडतात. मला त्यातले शब्द उलगडले ते ट्रॉम्बे कोळीवाड्यात. चेंबूर स्टेशनहून बेस्टची बस पकडायची. चेंबूर नाका, देवनार, अणुशक्तीनगर, चिता कॅम्प करत ती खाडीच्या तोंडाशी येते. 1956 साली ज्या डोंगराच्या पायथ्याशी ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली, त्याच डोंगराच्या कुशीतलं हे गाव तिच्याहून कितीतरी जुनं.

ओहोटीच्या वेळी धक्क्यावर गेलात तर पाणी दूर गेलेलं असतं. समोर नुसता चिकट काळा चिखल आणि त्यात एका कुशीवर कलंडलेल्या होड्या. पाणी चढेपर्यंत बाहेर गेलेल्या होडीला धक्का गाठता येत नाही. डोलकर ज्याने मासे धरतो, त्या डोल जाळ्याचं कामही पाण्याच्याच तंत्राने चालतं. तोंडाशी रुंद आणि मागे निमुळती होत गेलेली ही जाळ्याची पिशवी खुंटांना बांधून प्रवाहात सोडतात. जाळं जागचं हलत नाही. पाण्याची ओढच बोंबील, करंदी, जवळा त्यात आणून घालते. ओढ मंदावली की जाळं उपसायचं.

हे पाहून गीताकडे वळावं. धृपद पुरुषाचं आहे. दर्याचं राजेपण तो सांगतो, घर पाण्यावर असल्याचं सांगतो. हेमंतकुमारांचा खर्जातला संथ आवाज त्या राजेपणाला बढाई होऊ देत नाही. पुढे लता मंगेशकरांच्या आवाजात कोळीण येते. तिची साडी, केसातला चाफा, नथ, गळ्यातले सोन्याचे मणी आणि पुनवेच्या रात्रीचा नाच. इथपर्यंत सगळा थाट आहे. मात्र त्याच पुनवेला समुद्राला उधाण येतं, हे कोळीवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही.

त्यानंतरचं कडवं मला या गीताचं काळीज वाटतं. डोंगराएवढ्या लाटा, शिडाला फाडणारा वारा, आभाळाकडे भिरकावलं जाणारं तारू. ही सगळी भीती राजाच्या तोंडी नाही. ती घरी वाट पाहणारी बोलते. दर्याचा दरारा जो रोज अनुभवतो त्याने गप्प राहायचं आणि जी किनाऱ्यावर उभी आहे तिने तो बोलून दाखवायचा, ही वाटणी फार खरी आहे. कडव्याच्या शेवटी ती म्हणते की समुद्राला भरती येऊन जमीन भिजते, तसाच तिचा नवरा तिला भेटायला येतो. लग्नाच्या हॉलमध्ये ही सुंदर उपमा वाटते. ट्रॉम्बेच्या धक्क्यावर ते घरातलं रोजचं वेळापत्रक ठरतं. पाणी चढलं की होडी येणार आणि होडी आली की माणूस दिसणार. शान्ताबाईंनी कल्पना बाहेरून आणलेली नाही. कोळणीची नजर जिथे लागलेली असते तिथूनच ती उचलली आहे.

दर्याच्या दराऱ्याचं हे भान दूरच्या किनाऱ्यांवरही दिसतं. पश्चिम आफ्रिकेत, घानामध्ये, गा आणि फांटी कोळी परंपरेने मंगळवारी समुद्रात होड्या घालत नाहीत. तो दिवस दर्याचा. आपल्याकडे नारळी पुनवेला नारळ वाहिल्याशिवाय होड्या लोटायच्या नाहीत अशी रीत. राजा म्हणवून घेणाऱ्यालाही परवानगी मागावी लागते.

हृदयनाथ मंगेशकरांची चाल भीतीच्या कडव्यातही ठेका सोडत नाही आणि ते मला योग्य वाटतं. कोळणीचं वाट पाहणं रडगाण्याच्या लयीत बसलंच नसतं. कडवं संपून धृपद परत येतं तेव्हा शब्द तेच असतात, पण आता त्यातलं जाणं-येणं जिवावरचं आहे हे आपल्याला ठाऊक असतं. नाचाच्या कार्यक्रमात वेळ कमी पडला की नेमकं हेच कडवं कापलेलं मी पाहिलं आहे. ते कापू नये. कापायचंच असेल तर सुरुवातीचं संगीत कापावं.