राजाचे मौन : ‘चांदोबा’तील वेताळकथांचा पुनर्विचार

मराठी बालवाङ्मयाची चर्चा बहुधा पुस्तकांच्या आधारे होते. मासिकांतून वर्षानुवर्षे चालत राहिलेल्या कथामालांकडे समीक्षेचे लक्ष त्या मानाने कमीच गेले आहे. वस्तुतः स्वातंत्र्योत्तर काळात मराठी मुलांच्या अद्भुतविषयक कल्पनेवर ज्या कथामालेचा ठसा फार खोल उमटला, ती ‘चांदोबा’ मासिकातून दरमहा त्यांच्या हाती पडत होती. ती म्हणजे विक्रम-वेताळाची कथामाला होय. बी. नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी जुलै 1947 मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळ या भाषांत सुरू केलेल्या मासिकाची मराठी आवृत्ती 1952 साली निघाली. 2013 च्या सुमारास मासिक बंद पडले. कथामालेचा प्रवाह आता थांबलेला असल्यामुळे तिचे मूल्यमापन एक समग्र कृती म्हणून करणे शक्य झाले आहे.

या कथामालेचे मूळ सर्वपरिचित आहे. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त वेतालपंचविंशतीचा समावेश आहे. मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ 1830 साली, म्हणजे मुद्रित गद्याच्या अगदी आरंभकाळात, प्रसिद्ध झाली. सोमदेवाने या कथेचा आरंभ गोदावरीतीरावरील प्रतिष्ठान नगरीत केला आहे, ही गोष्ट मराठी अभ्यासकाने विसरता कामा नये. त्याचा नायक त्रिविक्रमसेन हा प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा राजा. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याच्या धरणातून अकोल्यास येते, तेथील अगस्तींच्या आश्रमाजवळून संगमनेर-नेवाशाकडे जाते आणि टोक्याजवळ गोदावरीला मिळते. तेथून पुढे नदीच्या वाटेवरच पैठण आहे. अकोले तालुक्यातील वाचकाच्या दृष्टीने वेताळाचे स्मशान हे असे त्याच्या स्वतःच्या नदीच्या वाटेवर येते.

‘चांदोबा’ने हा भूगोल सोडून दिला. त्यातील विक्रमाचे राज्य कोठे आहे, स्मशान कोणत्या नदीच्या काठी आहे, याचा उल्लेख कथेला आवश्यक वाटत नाही. वेताळ ज्या राज्यांच्या गोष्टी सांगतो, त्यांची नावेही कल्पित असतात. हा केवळ निष्काळजीपणा नव्हे. मजकूर मुळात तेलुगूत सिद्ध होई, तो अनेक भाषांत उतरे आणि सर्व आवृत्त्यांना चित्रे तीच असत. के. सी. शिवशंकरन् (1924–2020) अर्थात ‘शंकर’ यांनी काढलेले, खांद्यावर प्रेत व हाती तलवार घेतलेल्या विक्रमाचे चित्र मराठी मुलाला आणि तमिळ मुलाला सारखेच परिचित झाले. जी कथा सर्वांची व्हावयाची, तिला कोणा एकाच्या गावची राहता येत नाही.

याचा परिणाम वेताळाच्या स्वरूपावर झाला. महाराष्ट्रात वेताळ हा गावाच्या शिवेवरचा देव आहे. शेंदूर फासलेल्या तांदळ्याच्या रूपाने तो पुजला जातो. दा. ध. कोसंबी यांनीही आपल्या क्षेत्राभ्यासात या दैवताची दखल घेतली आहे. अकोल्याच्या पश्चिमेकडील डांगाणात महादेव कोळी व ठाकर समाज वाघबारशीला वाघोबाची पूजा करतात. जनावरांची राखण व्हावी, ही त्यामागील भावना. अशा लोकमानसात अतिमानुष शक्तीशी माणसाचा संबंध देण्याघेण्याचा, नवसाचा व भयाचा असतो. ‘चांदोबा’तील वेताळ नैवेद्य मागत नाही, नवस फेडून घेत नाही. तो प्रश्न विचारतो. त्याचे भय उरले आहे ते केवळ मस्तक भंगण्याच्या धमकीपुरते, आणि तीही दरमहा ऐकून सवयीची झालेली. देवतेचे वादपटूत झालेले हे रूपांतर या कथामालेचे पहिले वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

दुसरे वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे आहे. मूळ वेताळकथांतील प्रश्न बहुधा निवाड्याचे असतात. मृत कन्येच्या अस्थी एक वर गंगेत नेतो, दुसरा तिच्या राखेवर निजतो, तिसरा मंत्र मिळवून तिला जिवंत करतो. तर ती कोणाची पत्नी? राजा सांगतो की, जीवन देणारा पित्यासमान, अस्थी नेणारा पुत्रासमान आणि राखेपाशी राहिलेला तोच पती. येथे ‘कोण?’ या प्रश्नाला राजा न्यायाधीशाप्रमाणे उत्तर देतो. मूळ कथांचा साठा संपल्यावर ‘चांदोबा’ने ज्या नव्या गोष्टी रचल्या, त्यांतील प्रश्न मात्र बहुशः ‘का?’ असा असतो. दीर्घ खटपटीने मिळालेले फळ नायक ऐन वेळी नाकारतो. कोणी राज्य सोडतो, कोणी राजकन्येचा हात नाकारतो. वेताळ त्यात मूर्खपणा किंवा दंभ पाहतो. राजा मात्र त्या कृतीमागील खरा हेतू उलगडून दाखवतो. निवाड्याची कथा अशा रीतीने मनोव्यापाराच्या उकलीची कथा बनली. 1952 पासून 1980 पर्यंत संपादनाची धुरा वाहणारे तेलुगू कथाकार कोडवटिगंटि कुटुंबराव हे बुद्धिवादी विचारांचे होते, हे लक्षात घेता या बदलाचे फारसे आश्चर्य वाटत नाही. मंत्रसामर्थ्याने मृत जिवंत होण्यापेक्षा माणसाच्या वागण्याचे कारण सापडणे हेच येथे अधिक अद्भुत मानले गेले आहे. बालवाचकाला परक्याच्या कृतीचा सहानुभूतीने अर्थ लावण्यास शिकवणारी ही रचना आहे. हे तिचे श्रेय निःसंशय मोठे होय.

परंतु या श्रेयाबरोबर एक हानीही झाली, आणि तिचा विचार केल्यावाचून हा पुनर्विचार पुरा होणार नाही. मूळ ग्रंथातील चोविसाव्या कथेत पिता कन्येशी आणि पुत्र तिच्या मातेशी विवाह करतो. त्यांच्या अपत्यांचे परस्परांशी नाते काय, या प्रश्नाला राजापाशी उत्तर नसते. तो मुकाट्याने चालत राहतो. या मौनामुळेच वेताळ प्रसन्न होतो, प्रेत मागवणाऱ्या भिक्षूचा कपटी बेत राजाला सांगतो आणि राजाचे प्राण वाचतात. म्हणजे तेवीस वेळा राजाचे ज्ञान त्याच्या कार्याच्या आड येते आणि चोविसाव्या वेळी त्याचे अज्ञान त्याला तारते. संपूर्ण ग्रंथाचा तोल या एका मौनावर उभा आहे. मासिकाला हे मौन परवडणारे नव्हते. राजा निरुत्तर झाला की कथामाला संपणार. आणि पुढचा अंक तर निघालाच पाहिजे. म्हणून ‘चांदोबा’चा विक्रम दर महिन्याला बोलत राहिला. त्याच्या जगात उत्तर नसलेला प्रश्न शिल्लकच राहिला नाही.

ही केवळ व्यावसायिक तडजोड होती, असे म्हणून तिला निकालात काढणे योग्य होणार नाही. पुनरावृत्ती हा बालकथेचा दोष नसून धर्म आहे. राजा पुन्हा झाडाकडे वळतो, यातच मुलाला आश्वासन मिळते. शिवाय या रचनेत मौनाची एक जागा नकळत उरली आहे. ती वेताळाचा प्रश्न आणि राजाचे उत्तर यांच्यामध्ये आहे. त्या जागी वाचणारे मूल क्षणभर एकटे असते. राजाआधी त्याने आपले उत्तर शोधावयाचे असते. शिक्षकाने वर्गात कथा तेथेच थांबवली, तर डांगाणातील मूल, ज्याची घरची बोली पुस्तकी मराठीहून निराळी आहे, तेही आपल्या बोलीत आणि आपल्या गावच्या न्यायाने उत्तर देऊ शकेल. कदाचित ते उत्तर विक्रमाच्या उत्तराहून वेगळे असेल. तेथे विक्रमाचे उत्तर हेच अंतिम मानण्याचे कारण नाही.

म्हणून या कथामालेचे मूल्य तिने दिलेल्या उत्तरांत शोधू नये; तिने घातलेल्या प्रश्नांत शोधावे. तिचे संकलन वा अध्यापन करताना सोमदेवाची अखेरची कथाही तिच्याशेजारी ठेवली पाहिजे. तसे झाल्यास सर्व प्रश्नांना उत्तरे असणाऱ्या या राजाला एकदा गप्प राहावे लागले होते आणि त्यातच त्याचे कल्याण होते, हेही मुलांना कळेल.