मुंबईचा प्रवास मोजणारा अहवाल: घ्यायचं काय, उचलायचं काय नाही

पेट पास झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायला बसलात. विषय प्रवास किंवा वाहतुकीचा असेल, तर लिटरेचर रिव्ह्यूमध्ये एक अहवाल तुम्हाला भेटणारच. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने करून घेतलेला सर्वंकष वाहतूक अभ्यास. २००८ साली पूर्ण झालेला हा अहवाल ‘ट्रान्सफॉर्म’ या नावाने ओळखला जातो. आधारवर्ष २००५, लक्ष्यवर्ष २०३१. पुढे त्याची सुधारित आवृत्तीही निघाली, पण जुन्या प्रबंधांत आणि लेखांत जास्त भेटतो तो हाच.

जळगाव-धुळ्याच्या मुलांनी मुंबईचा अहवाल कशाला वाचायचा, असं तुम्ही म्हणाल. कारण आपल्याकडे प्रवासाचा अभ्यास करायचा म्हटलं की प्रश्नावली बहुतेक वेळा अशाच मोठ्या अभ्यासांतून उचलली जाते. मीही उचलली होती. त्याचं काय झालं ते शेवटी सांगते.

आधी चांगलं ते सांगू. हा अभ्यास फक्त मुंबई बेटापुरता नाही. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, वसई-विरार, पनवेल असा सगळा पट्टा एकच प्रदेश मानून मोजला आहे. हे महत्त्वाचं आहे. विरारचा माणूस चर्चगेटला कामाला जातो, त्याला महापालिकेची हद्द कळत नाही. सुमारे ६६ हजार कुटुंबांची घरोघरी जाऊन पाहणी केली. एवढं सॅम्पल आपल्या नशिबी येणार नाही. ‘आम्हाला वाटतं की गर्दी वाढली’ असं न लिहिता कोण, कुठून, कुठे, कशाने जातो हे विचारून मग पुढचा अंदाज बांधला. पद्धत म्हणून हे शिकण्यासारखंच आहे.

आता टीका. या अहवालातला सर्वांत जास्त उद्धृत होणारा आकडा असा: लोकलने ५२ टक्के आणि बसने २६ टक्के, म्हणजे ७८ टक्के प्रवास सार्वजनिक वाहतुकीने होतो. वाचून बरं वाटतं. पण इथे थांबा आणि विचारा, कशाचे ७८ टक्के? आकड्याखालचा छेद बघा. हे टक्के पायी फेऱ्या वगळून काढलेले आहेत. आणि त्याच अहवालाप्रमाणे एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक फेऱ्या पायी होतात.

गणित करून बघू. १०० फेऱ्यांपैकी ५२ पायी धरल्या, तर उरल्या ४८. त्यांचे ७८ टक्के म्हणजे ३७ च्या आसपास. म्हणजे तोच प्रदेश, तोच सर्व्हे, पण एका वाक्यात ‘मुंबई लोकल-बसवर चालते’ आणि दुसऱ्या वाक्यात ‘मुंबई पायांवर चालते’. दोन्ही वाक्यं खरी आहेत. मग पैसा कुठल्या वाक्याच्या मागे जातो?

इथे अहवालाशी प्रामाणिक राहायला हवं. त्याने पायी चालणारे मोजले आहेत, लपवले नाहीत. पण मोजणं वेगळं आणि आराखड्यात जागा देणं वेगळं. २०३१ साठी जे जाळं सुचवलं, त्याचा भर मेट्रो आणि महामार्गांवर आहे. चालणारा माणूस तक्त्यात मोठा आणि नकाशात बारीक. त्याच २००८ साली वांद्र्याला पहिला स्कायवॉक सुरू झाला. चालणाऱ्यांसाठीच बांधला हे खरं. पण पदपथ मोकळा करण्याऐवजी माणसालाच जिना चढायला लावला. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला आणि डोक्यावर टोपली असणाऱ्या बाईला विचारा, ही सोय कोणाची?

दोषाचा दुसरा वाटा आपला, म्हणजे उद्धृत करणाऱ्यांचा. ७८ हा आकडा एका प्रबंधातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातो. वाटेत ‘पायी फेऱ्या वगळून’ हे शब्द गळून पडतात. तुम्ही मूळ तक्ता उघडला नाही, तर तुम्हीही तेच कराल.

तिसरा मुद्दा ‘मुख्य साधन’ या कल्पनेचा. डोंबिवलीची एक नोकरदार बाई घरातून चालत निघते, शेअर रिक्षाने स्टेशन गाठते, लोकलने दादरला उतरते, पुढे बेस्टची बस पकडते. तक्त्यात ती ‘लोकल’. तिचा रोजचा वैताग कदाचित रिक्षाच्या रांगेत आणि बस स्टॉपवर आहे, पण एकच साधन लिहिलं की तो अदृश्य होतो. येताना ती पाळणाघरातून मूल घेते, भाजी घेते. ही एक फेरी की तीन? नियम तुम्ही ठरवाल, तशी बाईची धावपळ कमी-जास्त दिसेल.

हा दोष एकट्या मुंबईच्या अहवालाचा नाही. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचं अंतर आणि साधन विचारलं होतं. ते तक्ते जिल्हानिहाय मिळतात म्हणून आपण खूश होतो. पण ते ‘इतर कामगारां’चे आहेत. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले लोक त्यात नाहीत. मुंबईत यामुळे फारसं बिघडत नाही. पण खान्देशात? केळी कापायला आणि कापूस वेचायला जाणारी माणसं वगळल्यावर आपल्याकडचा प्रवास उरतो तरी किती?

आता माझी गोष्ट. धुळे तालुक्यात पायलट करताना मी मुंबई छापाची प्रश्नावली नेली होती. साधनांच्या यादीत मेट्रो होती. काळी-पिवळी नव्हती, मजूर भरून नेणारी पिकअप नव्हती. जळगाव-भुसावळ रोज अपडाऊन करणारा पासवाला बसेल असा रकाना होता, पण गल्लीतल्या काकूंसाठी काहीच नव्हतं. मी विचारलं, “काकू, तुम्ही रोज कुठे प्रवास करता?” त्या म्हणाल्या, “मी कुठे जाते ताई, घरीच असते.” मी शून्य लिहिलं आणि पुढच्या घरी निघाले.

दारात उभी असताना त्या शेजारणीला सांगत होत्या की पिकअप आज उशिरा आली, म्हणून वेचणीला ऊन लागलं.

त्या रात्री मी प्रश्न बदलला. ‘प्रवास’ हा शब्दच काढला. दुसऱ्या दिवशी परत जाऊन विचारलं, “काल सकाळी उठल्यापासून घराबाहेर कधी कधी पडलात?” आता उत्तर आलं: पहाटे पाण्याला, मग डेअरीवर, मग पिकअपने शेतात, येताना अर्ध्या रस्त्यापासून पायी. शून्याच्या जागी चार फेऱ्या झाल्या. बाई तीच होती, फक्त प्रश्न बदलला होता.

म्हणून कुठलाही मोठा अहवाल वाचताना समासात तीन प्रश्न लिहून ठेवा. टक्के कशाचे? एका फेरीची व्याख्या काय? आणि यादीत कोण नाही? मुंबईच्या अहवालाकडून सॅम्पलची शिस्त घ्या, सगळा प्रदेश एक मानून बघण्याची नजर घ्या. प्रश्नावली मात्र आपल्या गावात, आपल्या लोकांच्या दारात उभं राहून लिहा. नाहीतर आपण प्रबंध पूर्ण करू, पदवीही घेऊ, आणि त्या काकूंच्या नावापुढे शून्य तसंच राहील. उद्या कोणी त्याच शून्यावर बोट ठेवून म्हणेल की या गावाला एस.टी.ची गरजच नाही.